नणंदेच्या हाती दोर

फ्रान्समधल्या शामोनी गावाला जायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, मों ब्लां डोंगर बघायचा, चीज खायचं, फोटो काढायचे, परत यायचं. पण जिनिव्हाच्या नणंदेने आधीच क्लाइंबिंग बुक करून ठेवलेलं. "अगं वहिनी, सगळ्यांना जमतं, ऑल लेव्हल्स आहे!" आता ऑल लेव्हल्स म्हणजे काय, तर बालवाडीतली पोरं आणि सत्तरीच्या आज्या सरसर वर जातात आणि मधल्या वयाचे डेस्क जॉबवाले खाली बुटांशी झटापट करत बसतात. ते बूट घट्टच हवेत म्हणे, बोटं आत दुमडली पाहिजेत. पैसे देऊन हे.

पहिल्या दिवशी पाऊस, म्हणून इनडोअर. भिंतीवर रंगीत प्लास्टिकचे उंचवटे, एका रंगाची एक वाट, आकडा वाढेल तशी अवघड, सहाच्या पुढे मला ती नुसती भिंतच दिसत होती. दोर वरच्या कडीतून फिरून खाली येतो, एक टोक माझ्या हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, इंग्रजी 8 च्या आकाराच्या गाठीने आणि दुसरीकडून तो खाली उभ्या माणसाच्या कमरेच्या ब्रेकमधून जातो. तो माणूस म्हणजे बिलेयर. नवरा पोराला धरणार होता, त्यामुळे माझी बिलेयर कोण, तर नणंद. तिच्या लग्नातल्या पैठणीचा विषय अजून मिटलेला नाही आणि माझा जीव तिच्या हातात.

इन्स्ट्रक्टरने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, गुपचूप आत गेला आणि वाळूची पिशवी आणून तिच्या हार्नेसला अडकवली. वरचा जड आणि खालचा हलका असेल तर वरचा खाली येताना खालचा उचलला जातो. हे त्याने फ्रेंचमध्ये समजावलं, पण हातवारे असे की अख्ख्या हॉलला माझं वजन कळलं.

चढणं खरंच जमलं, कारण हातांनी लटकायचं नाही, पायांवर उभं राहायचं, एवढंच त्यातलं गुपित. वांधा झाला उतरताना. वर पोचल्यावर म्हणे भिंत सोडायची, मागे खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, पाय फाकवून भिंतीला सपाट लावायचे. मी कशाला सोडतेय!

"वहिनी, हात सोड!"

"दोर धरलायस ना नीट?"

"हो गं, सोड!"

"हे बघ, ती पैठणी तूच ठेव!"

हॉलमध्ये मराठी कळणारे आम्हीच होतो हे नशीब. नवरा मात्र हसून हसून पोराचा दोर विसरायच्या बेतात.

दुसऱ्या दिवशी ऊन, मग ले गायां. तळ्याकाठचा कडा, समोर मों ब्लां, खाली गवतावर लोक सँडविच खातायत. 1930 च्या दशकात रोजे फ्रिझों-रॉश या गिर्यारोहक लेखकाने इथल्या गाईडसोबत हा कडा क्लाइंबिंगसाठी तयार केला. खरा दगड रंग बिंग लावून काही सांगत नाही, पाय कुठे ठेवायचा ते आपणच चाचपायचं, आणि सकाळचा दगड बर्फासारखा गार. समोरच्या 4800 मीटरच्या डोंगरावर 1786 मध्ये बाल्मा आणि पाकार पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्याकडे दोरसुद्धा नव्हता. नणंदही नव्हती, असं माझ्या मनात आलं.

इथे वाळूची पिशवी नव्हती, म्हणून इन्स्ट्रक्टरने नणंदेला चक्क झाडाला बांधलं. तो फोटो काढायला मी अर्ध्यातून मागे वळले, आणि काय सांगू, हात आपोआप सुटला आणि मी मजेत खाली आले.

संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. नणंदेने माझी सगळी फजिती रंगवून सांगितली, मी तो फोटो दाखवला. सासूबाईंनी चष्मा लावून नीट बघितला.

"माझ्या लेकीला झाडाला कोणी बांधलं?"