नातवाला आधी त्याच्या आईबापाचं होऊ द्या

न्यू जर्सीहून परत आल्यापासून सगळ्यांचं एकच चाललंय, काकू एवढे फोटो टाकलेत पण नातू तुमच्या मांडीवर एकाही फोटोत नाही, असं कसं? एकीने तर हळूच विचारलं, लेकीने घेऊ दिलं नाही का. म्हटलं आता नीट लिहितेच. आपल्या ओळखीत किती घरांत दत्तक मूल येतंय, परदेशातली आपली मुलंही घेतायत, आणि आजी-आजोबा हौसेने बॅगा भरून निघतात, पण तिथे जाऊन काय करायचं नाही हे त्यांना कोणी सांगतच नाही.

माझ्या लेकीनेही दत्तकच घेतलंय. ती आणि जावई आता अमेरिकेचेच नागरिक. भारतातून मूल घ्यायचं म्हणजे तिकडच्या मान्यता असलेल्या संस्थेतून अर्ज, समाजसेविका घरी येऊन सगळी चौकशी करणार, मग कागद आपल्या दिल्लीच्या 'कारा'कडे, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे, आणि मग वाट बघा. त्यात वर्षं गेली. शेवटी ओडिशातल्या एका शिशुगृहातलं बाळ मिळालं. २०२२ पासून दत्तकाची ऑर्डर कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, ती झाली, पासपोर्ट व्हिसा झाला आणि बाळ घरी गेलं तेव्हा सव्वा वर्षाचं होतं. मी भुवनेश्वरला जायचं तिकीट बघत होते तर लेक म्हणाली, आई आत्ता नको येऊस, दोन-तीन महिन्यांनी आमच्याकडे ये. वाईट वाटलं, का नाही वाटणार, पण तिने कारण सांगितलं आणि ते मला तेव्हाही पटलं, आता तर शंभर टक्के पटलंय.

शिशुगृहातल्या मावश्या मनापासून करतात हो, त्यांना बोल लावायचाच नाहीये, पण त्यांच्या पाळ्या असतात, सकाळी एक रात्री दुसरी, आणि एकीकडे कितीतरी बाळं. त्यामुळे पोरगं खाऊनपिऊन ठीक असलं तरी या जगात एक माणूस फक्त माझं आहे आणि मी रडलो की ते येणारच, हे त्याला माहीतच नसतं. रोमानियातल्या अनाथालयांची अवस्था १९८९ नंतर जगासमोर आली, तिथे बुखारेस्टमध्ये २००० च्या आसपास संशोधकांनी अशा मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा सुरू केला. त्यातून दिसलं की जी मुलं साधारण दोन वर्षांच्या आत एखाद्या कुटुंबात गेली त्यांच्यात माणसाशी घट्ट नातं जुळायची शक्यता जास्त. म्हणून संस्थेतून आलेलं मूल घरी आलं की समाजसेविका सांगतात, सुरुवातीचे काही आठवडे, काही महिने, भरवणं, झोपवणं, कडेवर घेणं, रडलं तर शांत करणं हे सगळं फक्त आईवडलांनीच करायचं. बाकीच्यांनी हसायचं, बोलायचं, समोर बसून खेळायचं, बास.

यावर लगेच म्हणतात, ही अमेरिकन थेरं आहेत, आपल्याकडे मूल दहा जणांच्या अंगाखांद्यावर वाढतं. अहो पण आपल्याकडेच बाळंतिणीची खोली होती ना? सव्वा महिना आई आणि बाळ, धुरी शेक, बाकी कोणी उगाच आत यायचं नाही. माझ्या नातवाला आणि लेकीला ती खोली मिळालीच नव्हती, ती त्यांना आता मिळतेय, एवढंच.

आणि दत्तक बाळाचं कौतुक करताना आपण ज्या दोन गोष्टी हमखास बोलतो त्या ऐकून लेकीच्या पोटात गोळा यायचा. एक, "किती शहाणं, रडतच नाही." घरी आल्यावर सुरुवातीला तो रात्री जागा व्हायचा आणि नुसता पडून राहायचा, आवाज नाही की काही नाही, कारण रडून कोणी येईल ही आशाच त्याने सोडून दिली होती. दोन, "किती गोड, कोणाकडेही जातो." हे मी स्वतः बघितलं. मी दारातून आत आले, प्रवासाचे कपडे, पायात बूट, त्याने मला जन्मात कधी बघितलेलं नाही आणि त्याने दोन्ही हात पसरले, मला घे म्हणून. कुठल्या आजीचं काळीज पाघळणार नाही! लेकीकडे बघितलं तर तिचा चेहरा उतरलेला. मी खाली बसले, त्याच्याशी बोलले, "आई कुठेय? ती बघ आई" असं करत त्याला तिच्याकडे वळवलं आणि तिने त्याला उचललं. तो लगेच तिच्या खांद्यावरून जावयाकडे आणि मग परत माझ्याकडे हात करायला लागला. म्हणजे त्याला सगळे सारखेच. असं मूल मिळूनमिसळून वागतंय असं आपल्याला वाटतं, पण त्याचं हक्काचं माणूस अजून ठरायचं असतं.

मग मी काय केलं? स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. लेकीने यूट्यूबवरून ओडियातली दोन-चार वाक्यं शिकून ठेवली होती, झोपवताना त्यातलंच काहीतरी पुटपुटायची, आणि त्याला सवयीचा म्हणून मी रोज डालमा करायला शिकले, डाळीत पपई, कच्चं केळं, भोपळा, वरून भाजलेल्या जिऱ्या-मिरचीची पूड, त्याच्यापुरती मिरचीशिवाय. भरवायची मात्र लेक किंवा जावई. आणि तिकडच्या आपल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवरनं डिंक, खारीक, अळीव आणून लेकीसाठी लाडू केले. हसली ती, म्हणाली आई मी कुठे बाळंतीण. म्हटलं रात्र रात्र जागतेस, खा गुपचूप. खरंच सांगते, दत्तक घेतलेल्या आईचं कोणी काही करतच नाही, सगळ्या भेटवस्तू बाळाला आणि तिला काय, तर "किती मोठं मन तुझं." तिला मोठं मन नकोय, तिला दोन तास झोप हवीये.

आणि वेळ हवा. न्यू जर्सीत दत्तक मुलासाठीही बारा आठवड्यांची रजा मिळते, राज्याच्या विम्यातून पगाराचा काही भाग पण मिळतो. आपल्याकडे बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ च्या सुधारणेत दत्तक आईला बारा आठवडे दिले, पण मूल तीन महिन्यांहून लहान असेल तरच अशी अट घातली होती. आता जन्मदात्या आईने मूल सोपवलं तर तिला फेरविचाराला साठ दिवस असतात, टाकून दिलेलं असेल तर चौकशी असते, मग पुढचे कागद, यात तीन महिन्यांच्या आतलं बाळ मिळणार होतं कोणाला आणि कधी? मोठ्या वयाच्या बाळाला तर आईची गरज उलट जास्त असते. ही अट ज्याने लिहिली त्याने शिशुगृहातून आलेलं मूल एक रात्र सांभाळायला हवं होतं असं मला फार वाटतं.

मी असतानाच संस्थेची बाई तिमाही भेटीला आली, पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी असा अहवाल 'कारा'ला जातो. ती कागद कमी आणि पोराकडे जास्त बघत होती. खेळता खेळता तो धडपडला, ओठ काढला, आणि आम्ही तीन बायका समोर असताना रांगत रांगत थेट लेकीकडे गेला, तिचा कुर्ता पकडून जोरात रडला. बाईने लेकीकडे बघून नुसती मान हलवली आणि लेकीच्याही डोळ्यांतून पाणी. त्यानंतर रात्रीही रडायला लागला, हाका मारल्यासारखा, आणि मी जवळ गेले तर तोंड फिरवायचा. जावई बिचारे मला सॉरी म्हणत होते, म्हटलं सॉरी कसलं, पेढे वाटा.

आता पुढच्या महिन्यात विहीणबाई निघाल्यात, परवा फोनवर सगळं सांगितलं. मेतकूट न्या, मऊ सुती लंगोट न्या, सोन्याचं काही आत्ता नको. त्याला सूनबाईच्या कडेवरून ओढून घेऊ नका, पापी मागू नका, हातात बिस्किट देऊन जवळ बोलावू नका, आणि तुम्हाला बघून भोकाड पसरलं तर मला लगेच कळवा. त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, मग मी तिकडे जाऊन करू काय? म्हटलं भांडी घासा, भाज्या चिरा, सुनेच्या डोक्याला तेल लावा. डालमाची कृती व्हॉट्सअ‍ॅप केलीये.