जरा अ‍ॅडजस्ट करा की ओ!

इंग्रज जाताना आपल्याकडं काय काय ठेवून गेले याची यादी लोक करतात, रेल्वे, पोस्ट, क्रिकेट वगैरे, पण गुरुवारी सकाळी सोलापूर स्टँडवर अक्कलकोटच्या गाडीत चढून दाखवा म्हणजे कळेल की खरा ठेवा एकच, आणि तो म्हणजे अ‍ॅडजस्ट.

खुद्द इंग्रजांकडं हे क्रियापद तसं गरीबच आहे. घड्याळाचा काटा अ‍ॅडजस्ट करा, दुर्बिणीचा स्क्रू करा, गळ्यातला टाय करा, संपलं काम. माणूस अ‍ॅडजस्ट होतो तेव्हाही तो आपणहून होतो, नवीन गावाला, थंडीला, अंधाराला, आणि हा अर्थसुद्धा त्यांच्याकडं बराच उशिरा, विसाव्या शतकात रूढ झाला. आपण काय केलं, तर त्यातला स्क्रू काढून टाकला आणि तिथं शेजारचा माणूस बसवला. आपल्याकडं हे क्रियापद फक्त आज्ञार्थी चालतं आणि कर्ता कायम समोरचा. "करा", "करून घ्या", "करावं लागतंय हो". "मी अ‍ॅडजस्ट करतो" असं मी आजवर एका दुकानदाराच्याच तोंडून ऐकलंय, आणि त्याचा अर्थ तुमचे उरलेले पैसे आता परत मिळणार नाहीत एवढाच होता.

तर गाडी. तीन माणसांचा बाक, मी मधे, खिडकीला एक आजोबा, कडेला कॉलेजचा पोरगा कानात इयरफोन घालून. तेवढ्यात एक मावशी येतात. आधी पिशवी येते, ती माझ्या मांडीवर, विचारायचा प्रश्नच नाही, मग पिशवीला सोबत म्हणून त्यांची नात येते, तीपण माझ्याच मांडीवर, आणि मग ते वाक्य, "जरा अ‍ॅडजस्ट करा की ओ, कुंभारीलाच उतरायचंय." हे "जरा" फार फसवं असतं. मावशी सुरुवातीला खरोखर जराच टेकतात, बाकाच्या कडेला चार बोटं, निम्म्याहून जास्त बाई हवेतच. मग ड्रायव्हर पहिला ब्रेक मारतो आणि त्या पाव आत येतात. वळणावर अर्ध्या. कुंभारी येते, कुंभारी जाते, मावशी उतरत नाहीत (कुंभारीला म्हणे त्यांची बहीण उतरणार होती, ती मागच्या बाकावर कुणालातरी अ‍ॅडजस्ट करून बसलेली), आणि वळसंग येईपर्यंत मावशी पूर्ण बाकावर, आजोबा खिडकीच्या गजाला चिकटलेले, तो पोरगा उभा आणि मी ना धड बसलेला ना उभा. वर पिशवीतल्या शेंगा चटणीचं तेल माझ्या पँटला. मावशी एकदम प्रेमळ हो, वाद नाही, त्यांनी मला पेढासुद्धा दिला, फक्त तो घ्यायला हात मोकळा नव्हता.

सोलापूरची अजून एक मजा म्हणजे इथं हा छळ तीन-चार भाषांत होतो. मराठीत नाही सरकलात तर मागून कानडीत येतं, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माड्री". तेलुगूत "सर्दुकोंडी" म्हणून त्यांचा स्वतःचा खणखणीत शब्द आहे, पण अशोक चौकाकडचे आमचे मित्र गाडीत चढले की तेपण अ‍ॅडजस्टच म्हणतात, कारण सर्दुकोंडी म्हटलं तर फक्त तेलुगू माणूस सरकणार आणि अ‍ॅडजस्ट म्हटलं की अख्खा बाक सरकतो. आणि "थोडा सरको ना भाई" आहेच.

एकदा असाच हवेत लटकलेला असताना मी मोबाईलवर या शब्दाचं मूळ काढलं, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. तर हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या पोटात लॅटिनचा 'युक्स्टा' आहे, म्हणजे जवळ, शेजारी, खेटून. अ‍ॅडजस्टचा मूळ अर्थच मुळी 'जवळ आणणे'! म्हणजे मावशीच बरोबर की ओ, स्क्रू पिळणारे इंग्रज नंतरचे. मधल्या काळात लोकांना वाटायला लागलं की यात 'जस्ट' म्हणजे न्याय आहे, आणि त्या समजाचा शब्दाच्या अर्थावर परिणामपण झाला म्हणतात, पण मुळात न्यायबिय काही नाही, नुसतं खेटणं आहे. अक्कलकोटच्या गाडीत बसलेल्या कुणालाही हे लॅटिन न शिकता सांगता आलं असतं.

पुढचं तर अजून भारी आहे. त्याच युक्स्टापासून 'जाउस्ट' निघालाय, म्हणजे ते चिलखतवाले सरदार घोड्यावर बसून लांब भाले घेऊन एकमेकांवर धावून जायचे तो खेळ. जवळ येणे, मग भिडणे. सख्खी भावंडं दोघं. आणि अजून खाली गेलं की हे सगळं आपल्या 'युज्' धातूच्या घराण्यात जातं, जोडणे, जुंपणे, म्हणजे आपला योग, बैलाच्या मानेवरचं जू आणि अ‍ॅडजस्ट हे एकाच खानदानातले. नवराबायकोच्या नात्याला इंग्रजीत 'कॉन्जुगल' म्हणतात, तोपण ह्याच जुवातला. एका जुवाला दोन बैल. कुणी ठरवून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

त्यामुळं लग्नाच्या बैठकीत हा शब्द सगळ्यात जोरात चालतो याचं मला आता नवल वाटत नाही. मुलीच्या बायोडेटात स्वभाव: अ‍ॅडजस्टेबल, असं स्वच्छ लिहिलेलं असतं, जशी काय ती हॉस्पिटलची कॉट आहे, आणि मुलाच्या बायोडेटात त्या जागी पगार.

मागं जुळे सोलापुरात बायकोच्या मावसबहिणीची अशीच एक बैठक होती, आम्ही मुलीकडचे. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या आई म्हणाल्या, "आमचं काही म्हणणं नाही बघा. ह्याला कडक भाकरी चालत नाही, सकाळी सहाला डबा लागतो, रात्री एसीशिवाय झोप येत नाही, माझे गुडघे दुखतात, एवढं जरा अ‍ॅडजस्ट केलं की झालं." मुलगी बँकेत आहे, शांतपणे म्हणाली, "चालेल की. मला दर शनिवारी मैत्रिणींबरोबर बाहेर जायचं असतं आणि स्वयंपाक दोघांनी मिळून करायचा असं माझं आहे. ते तुमच्याकडून अ‍ॅडजस्ट होईल ना?"

बाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

जन्मभर हा शब्द वापरलेली बाई पहिल्यांदाच त्याचा अर्थ विचारत होती. मी खुर्चीत पुढं सरकून लॅटिनपासून सुरुवात करणार, तेवढ्यात बायकोनं कोपरानं ढोसलं.