मशीन म्हणतं पास, माणूस म्हणतो नापास

डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. धुराच्या तपासणीला नेलेल्या माझ्या जुन्या गाडीचा धूर स्वच्छ निघाला. तिच्या सालाच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची जी मर्यादा आहे, तिच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली आकडा होता. हायड्रोकार्बनचंही तेच. पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. तरी कागदावर शेरा पडला, नापास. का, तर बॉनेट उघडल्यावर तपासनिसाला एक पंप दिसला नाही.

कुठला पंप ते नीट सांगतो, कारण सगळा वेडेपणा त्या पंपातच आहे. ही गाडी कारखान्यातून आली तेव्हा तिला कार्बोरेटर होता, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा यांत्रिक भाग. किती पेट्रोल सोडायचं हे जेट, फ्लोट आणि निर्वात दाबाच्या भरवशावर ठरणार. थंड हवेत वेगळं, उन्हात वेगळं, घाट चढताना आणखी वेगळं. मिश्रण सतत रिच-लीन, म्हणजे पेट्रोल कधी जास्त कधी कमी, होत राहणार आणि अर्धवट जळालेलं पेट्रोल बाहेर पडणार, हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी बेल्टवर फिरणारा एक हवेचा पंप लावला. तो ताजी हवा थेट एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीत, ढकलतो, म्हणजे जे इंजिनात जळलं नाही ते निदान बाहेर पडताना, इंजिनाला लागूनच्या गरम मॅनिफोल्डमध्ये तरी जळावं. त्या काळाच्या मानाने ही युक्ती वाईट नव्हती. पण नळ तसाच वाहता ठेवून मागून फरशी पुसत बसण्याचा हा प्रकार आहे.

मी तो नळच बंद केला. कार्बोरेटर काढला, फ्युएल इंजेक्शन बसवलं, त्याला ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आणि पुढे धूर स्वच्छ करणारा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आता वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे प्रमाण ईसीयू स्वतः राखतो. सेन्सरचा व्होल्टेज ०.४५ च्या वर गेला की मिश्रण रिच, खाली गेला की लीन, आणि त्याप्रमाणे इंजेक्टर सतत कमी-जास्त होत राहतात. कन्व्हर्टरमधले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम मोनॉक्साइड जाळतात, उरलेलं पेट्रोल जाळतात आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोडतात. ही तिन्ही कामं एकाच वेळी नीट होतात ती फक्त त्या १४.७ च्या अगदी अरुंद पट्ट्यात. त्या पट्ट्यात गाडी ठेवण्यासाठी मी रात्री घालवल्यात, लॅपटॉप मांडीवर घेऊन ईसीयूमधला पेट्रोलच्या मापाचा एकेक तक्ता सुधारलाय.

आता या मांडणीत तो जुना पंप परत लावला तर काय होईल? सेन्सरच्या आधीच एक्झॉस्टमध्ये बाहेरची हवा घुसेल. सेन्सरला ऑक्सिजन दिसेल. तो ईसीयूला सांगेल की मिश्रण लीन आहे. ईसीयू पेट्रोल वाढवेल. गाडी खरोखर रिच चालायला लागेल, सेन्सर मात्र लीन-लीनच ओरडत राहील. वर कन्व्हर्टरमध्ये जादा ऑक्सिजन साचला की नायट्रोजनचे ऑक्साइड मोडणं बंद पडतं. म्हणजे हवा स्वच्छ राखण्याच्या नावाखाली माझ्याकडून जी वस्तू मागितली जातेय, ती लावली की गाडी आजच्यापेक्षा घाण होईल. मागणाऱ्याला ते कळत नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नाही.

मी त्याला सांगून पाहिलं. शांतपणे सांगितलं, आवाज चढवला नाही. “साहेब, आकडे बघा, गाडी काय सोडतेय ते समोर आहे.” त्यावर उत्तर, “आकड्यांचं बरोबर आहे हो, पण यादीत पंप आहे.” मी म्हटलं, यादी कार्बोरेटरच्या गाडीची आहे, ही गाडी आता ती राहिलेली नाही. तो म्हणाला, “मग ही गाडी यादीत नाही.” यावर माणसाने काय बोलायचं?

आणि मी काही कालपरवा शोधलेलं, कुणी न पाहिलेलं तंत्र घेऊन गेलो नव्हतो. १९७६ सालीच व्हॉल्वोने बॉशचा लॅम्डा सेन्सर (म्हणजे हाच ऑक्सिजन सेन्सर) आणि थ्री-वे कन्व्हर्टर लावलेल्या गाड्या कॅलिफोर्नियासाठी बाजारात आणल्या होत्या. जगातल्या बहुतेक सगळ्या पेट्रोल गाड्या पुढे त्याच वाटेने गेल्या. नव्या गाडीत हीच मांडणी असली की ती आदर्श, आणि जुन्या गाडीत मी स्वतः पदरमोड करून, त्याच तत्त्वावर, तेच काम केलं की ती छेडछाड. असं कसं चालेल?

यापुढचा भाग जास्त चीड आणणारा आहे. नापास झाल्यावर ज्याला म्हणून भेटलो त्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला. “दादा, एवढं काय त्यात? जुना कार्बोरेटर आणि पंप एका दिवसासाठी चढवा, पास करून घ्या, संध्याकाळी उतरवा.” गॅरेजवाल्यांनी सांगितलं, गाड्यांचा नाद असलेल्या मित्रांनी सांगितलं. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. विचार करा, तपासणी पास व्हावी म्हणून मी स्वच्छ गाडी आधी घाण करायची, ती घाण गाडी नेऊन दाखवायची, आणि ती पास होणार! होईलही. कारण तिच्या सालाची मर्यादा मुळातच ढिली आहे आणि पंप यादीप्रमाणे जागच्या जागी असेल. ज्या नियमाने प्रामाणिक माणसाला सोंग करायला लावलं, तो नियम हवेचं काय भलं करतोय?

त्या एका दिवसापुरत्या सोंगांची तर रांगच आहे. टाकीत बाटलीतलं काहीतरी ओतायचं. मिश्रण स्क्रू फिरवून लीन करायचं. इग्निशनचं टायमिंग मागे घ्यायचं, म्हणजे स्फोट उशिरा होतो, एक्झॉस्ट जास्त तापतो आणि न जळालेलं पेट्रोल वाटेतच जळून आकडा खाली येतो. गाडीत दम राहत नाही, इंजिन गरम होतं, पण शिक्का मिळतो. दुसऱ्या दिवशी टायमिंग परत जागेवर. हे सगळं तपासणाऱ्यांना माहीत नाही असं कुणी मला सांगू नये.

शिवाय उभ्या गाडीच्या नळीत पाइप खुपसून केलेल्या चाचणीत नायट्रोजनचे ऑक्साइड नीट मोजलेच जात नाहीत. ते तयार होतात ते इंजिनावर जोर पडल्यावर, आतलं तापमान वाढल्यावर. उभ्या गाडीला कितीही रेस दिली तरी चढावर भरलेली गाडी ओढण्याचा जोर त्यात येत नाही. मला कुणी म्हणालं की म्हणूनच आम्ही पंप, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) वगैरे डोळ्यांनी बघतो, कारण ते सगळं मोजता येत नाही. अहो, मग रोलरवर चढवा गाडी. जोर देऊन मोजा. मी केव्हाही तयार आहे, आजही, या क्षणीही. माझी गाडी तिथे नापास झाली तर मी एक शब्द बोलणार नाही, घरी आणून दुरुस्त करीन. पण न मोजता, नुसतं बघून, एखादा भाग दिसला नाही म्हणून तिला घाण ठरवणं मला मान्य नाही.

आणि जिथे मोजतात तिथे तरी धड मोजा. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसला पोचल्याशिवाय कामच करत नाही. रांगेत इंजिन बंद ठेवायला लावतात, गाडी उभी राहून निवते, नंबर आला की चालू केल्या केल्या नळी आत. थंड कन्व्हर्टर असताना कुठलीही गाडी जास्तच सोडणार, कालच शोरूममधून आणलेलीसुद्धा. नव्या गाडीचा कन्व्हर्टर बहुतेक इंजिनाला चिकटूनच असतो, लवकर तापतो. जुन्या गाडीत तो गाडीच्या तळाखाली, इंजिनापासून लांब असतो. ज्यांना अशी तपासणी करून घ्यायची आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं, आधी गाडी चांगली वीसेक मिनिटं पळवून न्या आणि इंजिन बंद करायला सांगितलं तर चाचणीआधी दोन-तीन मिनिटं जरा चढ्या आरपीएमवर चालवू द्या असं ठामपणे म्हणा. इंजिन ऑइल ताजं असू द्या. जुन्या ऑइलमध्ये पेट्रोल उतरलेलं असतं, त्याची वाफ इंजिनाच्या तळातल्या क्रँककेसमधून परत इंजिनात ओढली जाते आणि हायड्रोकार्बन विनाकारण वाढतात. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला कुठे बारीकशी गळती असेल तर ती आधी बुजवा. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट घातला असेल तर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा वेळ वाढलेला असतो, कोरं पेट्रोल सरळ बाहेर निसटतं. तिथे आयडल थोडा वर घ्यावाच लागतो. हे सगळं मी केलेलं आहे. म्हणूनच आकडे तसे आले.

ओबीडीचं पोर्ट, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचायची जोडणी, असलेल्या गाड्यांची तऱ्हा निराळी आणि तितकीच संतापजनक. तिथे बऱ्याच ठिकाणी नळीच घालत नाहीत, फक्त कॉम्प्युटर वाचतात. बॅटरी बदलली की त्याने स्वतःच केलेल्या आतल्या तपासण्यांची नोंद पुसली जाते. त्या पुन्हा पूर्ण व्हायला गाडी थंड चालू करा, ठरावीक वेगाने पळवा, टाकी फार भरलेली नको, फार रिकामी नको, मग कधीतरी ते ‘तयार’ म्हणणार. इंजिन बदललेल्या गाडीत तर यातली एखादी तपासणी कधी पूर्णच होत नाही, कारण कॉम्प्युटर ज्या टाकीचा सेन्सर शोधतोय तो या गाडीत नाही. धूर कसा आहे, हे विचारायला कुणाला सवडच नाही.

आता माझ्याच बिरादरीतल्या काहींवरचा राग. कन्व्हर्टर फोडून आत नुसता पाइप ठेवणारे, इंजेक्टरमधून नको तितकं पेट्रोल ओतून सायलेन्सरमधून फटाके वाजवणारे, डिझेलला काळ्या धुराचे लोट काढून त्याचे व्हिडिओ टाकणारे. तुम्ही मागच्या दुचाकीवरच्या माणसाच्या तोंडावर तो धूर सोडता. तुमच्यामुळे बॉनेटखाली एक चकचकीत पाइप दिसला तरी तपासनिसाच्या कपाळाला आठी पडते. मॉडिफिकेशन म्हणजे तुम्ही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय, आणि त्याची किंमत जी माणसं आपली जुनी गाडी आधीपेक्षा स्वच्छ करतात ती मोजताहेत. तुमची बाजू मी कधीही घेणार नाही.

पण खरी लबाडी कुठे झाली तेही बघा. १९९५ साली जनरल मोटर्सला सुमारे ४,७०,००० कॅडिलॅक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. वातानुकूलन चालू केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत होता, आणि चाचणी होत होती वातानुकूलन बंद ठेवून. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनचं प्रकरण उघडं पडलं. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचा आणि रस्त्यावर नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत सोडायचे, असं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत होतं. त्या गाड्यांचं बॉनेट उघडलं असतं तर यादीतला प्रत्येक भाग जागच्या जागी दिसला असता. सगळं ओरिजिनल, सगळ्यावर कंपनीचा शिक्का. डोळ्यांनी बघणाऱ्या कुठल्याही तपासनिसाने त्या हसत पास केल्या असत्या, आणि वर्षानुवर्षं केल्याच. पकडल्या गेल्या त्या कशामुळे? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी मोजमापाची यंत्रं डिकीत टाकली आणि गाडी खऱ्या रस्त्यावर चालवून मोजलं म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

यातून मार्ग निघत नाही असंही नाही. कॅलिफोर्नियाची धुराची तपासणी कडक म्हणून ओळखली जाते, पण तिथेही बाहेरून घेतलेल्या भागाची चाचणी करून त्याला मान्यतेचा क्रमांक देण्याची पद्धत आहे, आणि इंजिन बदललेल्या गाड्यांचा निवाडा करायला वेगळा पंच असतो. त्या पद्धतीतही भरपूर कटकटी आहेत. पण निदान आपली गाडी घेऊन दाद मागायला एक दार आहे, आणि दारामागे ज्याला इंजिन कळतं असा माणूस आहे. मला हवंय ते इतकंच.

मी लेखी अर्ज दिलाय. चाचणीच्या छापील पट्ट्या, इंजेक्शनची पूर्ण मांडणी, कन्व्हर्टरची कागदपत्रं, सगळं जोडलंय. पुढच्या तारखेला गाडी आहे तशीच नेणार आहे, पंप लावणार नाही, कार्बोरेटर चढवणार नाही. पुन्हा ‘नापास’ लिहायचं असेल तर कुठला वायू किती जास्त निघाला तो आकडा त्याच ओळीत लिहून, खाली सही करून द्या, असं सांगणार आहे आणि तो कागद हातात पडेपर्यंत तिथून हलणार नाही.