तात्यांच्या खिशातली पावती

आज दुपारी जेवताना घरात वाजलं. सुरुवात ईव्हीएमपासून झाली, मग बेळगावच्या सुवर्णसौधातलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, मग "दोन हजार घेणाऱ्या बायका", आणि आमटी-भातावर येईस्तोवर तात्यांनी मोबाईल पुढं केला. "हे बघा की. साखर कारखान्याचे वजनकाटे सॅटेलाइटवरनं फिरवालेत. सगळं दिल्लीस्नं." बेंगळूरच्या दादानं व्हिडिओ अर्धासुद्धा बघितला नाही. "तात्या, चंद्रावरनं फिरवत असतील की!" सगळे हसले. तात्या ताक न घेता उठले.

आधी तात्यांनाच बोलतो. त्या व्हिडिओवर दोन बाणांची खूण होती. ती खूण म्हणजे निरोप निदान पाच हातांतून पुढं आलाय, पहिला हात कुणाचा ते आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. व्हिडिओतला ट्रक यूपी पासिंगचा. त्यात ऊस नाही, भंगार भरलेलं. एवढं बघायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, चष्मा लावला तरी पुरे. आणि काट्यात लबाडी करायला सॅटेलाइट कशाला हवा? काट्याखाली लोडसेल, म्हणजे वजन मोजणारे सेन्सर असतात, त्यांच्याभोवती चिखल-खडी अडकली तरी वजन चुकतं. गाडी चढायच्या आधी स्क्रीनवर शून्य नसेल तर पुढचा सगळा आकडा वाया. रिकाम्या गाडीचं वजन परत न करता जुनंच लावलं, तरी टोपी बसते. हे सगळं जमिनीवर, डोळ्यांसमोर होतं.

बरं, रिमोटनं मशीनमध्ये गडबड होऊच शकत नाही असंही नाही. २०१७ साली उत्तर प्रदेशात पेट्रोल पंपांच्या मशीनमध्ये माप मारणाऱ्या, रिमोटनं चालणाऱ्या चिपा सापडल्या होत्या. तेवढं तात्यांचं खरं. पुढं.

तर मुद्दा असा, की तात्या उठले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात परवाच्या खेपेची पावती होती. चार घड्या घातलेली. टेबलाभोवती आठ माणसं, त्यात दोन पदवीधर आणि एक इंजिनिअर. "तात्या, पावती दाखवा बघू" असं एकाच्याही तोंडातून आलं नाही.

त्या पावतीत काय असतं? भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, दोन्हींची वेळ आणि निव्वळ ऊस. भरल्यातून रिकामं वजा केलं की निव्वळ यायला पाहिजे. काही ठिकाणी त्यातून बांधणी-पाचटाची कपात वेगळी. दोन वेळांमध्ये पाच-सात मिनिटांचंच अंतर असेल तर गाडी खाली झाली कधी, हे विचारायचं. भरल्या वजनाला ड्रायव्हर केबिनमध्ये बसलेला आणि रिकाम्याला उतरलेला, तर तो माणूस उसात मोजला जातो. उलटं झालं तर तेवढा ऊस गेला. वाटेत खासगी काट्यावर वजन करून घेणार असाल तर तिथंही हेच पाळा, नाहीतर फरकाचं भांडण उभं राहत नाही. तोडल्यावर ऊस वाळतो, गाडी यार्डात दीड दिवस उभी राहिली तर वजन आपोआप उतरतं, त्याला काटामारी म्हणू नका. ते यार्डात उभं करणाऱ्याचं पाप, ते वेगळं भांडा. काट्याची सरकारी पडताळणी दर १२ महिन्यांनी व्हावी लागते, त्याचा दाखला बघायला मागता येतो.

खेपेला २०० किलो मारले, टनाला ३,००० धरले, तर ६०० रुपये गेले. हंगामात दहा खेपा म्हणजे ६,०००.

आता दराचं. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला ३,५५०. पुढं दर ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे जास्त. उतारा आदल्या हंगामाचा धरतात. म्हणजे ११.२५ ला ३,८९६. हा दर कारखान्याच्या गेटवरचा, तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा. समजा ८५० कापले, हातात ३,०४६. दादा जेवताना ऐटीत म्हणाला, "सरकार साडेतीन हजार देतंय, तरी यांची रड!" अरे बाबा, ते सरकार देत नाही, कारखाना देतो, आणि ते हातात पडत नाहीत. इंजिनिअर ना तू?

आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय की पैसे १४ दिवसांत, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. लाखाला महिन्याला १,२५०. किती जणांनी हे व्याज लेखी मागितलंय? सॅटेलाइटचा व्हिडिओ मात्र गल्लीत प्रत्येकाकडं आहे. इथं माझं डोकं फिरतं. कट उघड्यावर, छापील चाललेला असतो आणि आपण आकाशाकडं बघत बसतो.

ईव्हीएमचंही तेच झालं आज. मतदान संपल्यावर केंद्रात एकूण किती मतं पडली याची सही केलेली प्रत, नमुना १७ सी, पक्षाच्या एजंटाला मिळते. मतमोजणीला तोच आकडा मशीनशी जुळवायचा. सकाळी निदान ५० मतांचं मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान होतं. यानं सगळ्या शंका फिटतात असं नाही. पण ज्या एजंटानं ती प्रत घडी घालून खिशात टाकली आणि विसरला, त्यानंच संध्याकाळी चौकात मशीनवर भाषण करावं?

खिशातच राहते पावती, ती का? हे लिहिता लिहिता लक्षात आलं आणि राग जरा उतरला. पावती कन्नडमध्ये आहे. तात्यांची शाळा मराठी, सगळं वाचन मराठी. व्हिडिओ मराठीत आला, गोड आवाजात, "शेतकरी बांधवांनो" म्हणत आला. त्यांचं स्वतःचं वजन मात्र त्यांना वाचता येत नाही. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं कागदपत्रं त्यांच्या भाषेतही द्यावीत, हे मागून मागून आपली एक पिढी म्हातारी झाली. दादाला पगाराची स्लिप दर महिन्याला मेलवर येते, एकेक कपात वेगळ्या ओळीत, त्याला कळणाऱ्या भाषेत. त्याला कुठल्याच कटावर विश्वास ठेवायची गरज पडत नाही. आणि तोडणीच्या टोळीकडं तर पावतीच नसते. मुकादमाची वही, आणि उचल किती फिटली ते मुकादमाच्या तोंडी.

गंमत म्हणजे कन्नडमध्ये निव्वळ वजनाला "निव्वळ तूक"च म्हणतात. तूक आपल्या आजीच्या तोंडचा शब्द! "ओट्टू तूक" म्हणजे एकूण. "खाली" म्हणजे रिकामं, खालचं नव्हे. तीन शब्द झाले, पावती वाचून झाली. लिपीच तेवढी आड येते, आणि ती घरातल्या सातवीतल्या पोरीला येते. तिला कुणी बोलावलं?

दोन हजारवाल्या बायकांवरनं वहिनीला टोमणे बसले, त्याबद्दल एवढंच. गृहलक्ष्मीचा, म्हणजे कर्नाटक सरकार घरच्या प्रमुख बाईला महिन्याला दोन हजार देतं त्याचा, हप्ता अडला की "आपल्या भाषेच्या लोकांची नावं काढली" असा निरोप फिरतो. काढली असतीलही कुठं, मी नाही म्हणत नाही. पण आधी रेशनकार्डावर घरची प्रमुख म्हणून बाईचंच नाव आहे का, आधारवरचं स्पेलिंग जुळतंय का, आधार नंतर उघडलेल्या दुसऱ्याच खात्याला जोडलं गेलंय का, नवऱ्याच्या नावानं जीएसटी भरला जातोय का, हे बघा. आणि पलीकडं कोल्हापुरात आत्याला लाडक्या बहिणीचे पंधराशे आले तेव्हा पेढे वाटलेत, ते विसरू नका.

संध्याकाळ झाली. तात्या अजून कट्ट्यावर बसलेत, ग्रुपवर काही टाकलेलं नाही. दादाची बस रात्री साडेनऊला. ही पोस्ट घरातले वाचतीलच, म्हणून सांगतो, ती पावती थर्मल कागदाची आहे, ऊन आणि घामानं अक्षरं उडतात. दादा, निघायच्या आधी तात्यांकडून मागून घे आणि दोन्ही वजनांसकट फोटो काढ. सदरा उद्या धुवायला पडणार आहे.