अनलिमिटेड पाऊस

गेल्या आठवड्यात एका रात्री पावणेतीनला माझा पाऊस बंद पडला.

आभाळातला नव्हे. माझी एक वेबसाइट आहे, तिच्यावर पावसाचे आवाज आहेत. पत्र्यावरचा, पानांवरचा, लांबून येत येत एकदम अंगावर येणारा. लोक रात्री लावतात आणि झोपतात. हौसेनं सुरू केलं होतं. मग इतक्या लोकांना झोप लागायला लागली की साध्या होस्टिंगनं, म्हणजे वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या सामायिक जागेनं, हात टेकले आणि मला डेडिकेटेड सर्व्हरच्या, म्हणजे एकटीसाठी राखलेल्या यंत्राच्या, बाजारात उतरावं लागलं. तोही स्वस्तातला हवा होता, कारण झोपलेला माणूस जाहिरातीवर क्लिक करत नाही.

तर घेतला एक. पानावर हिरव्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'अनलिमिटेड बँडविड्थ', म्हणजे वेबसाइटवरून कितीही डेटा वाहू दे. घेण्याआधी मी तीनदा विचारलं होतं, खरंच अनलिमिटेड का? तिन्ही वेळा 'हो' आलं. अकरा दिवस सुखाचे गेले. बाराव्या रात्री मेल: 'आपल्या वापराचे स्वरूप असामान्य आढळल्याने सेवा तात्पुरती स्थगित करण्यात आली आहे.' आवाजानं माणसाला जाग येते हे ठाऊक होतं. आवाज थांबल्यानंही येते, हे त्या रात्री कळलं. सकाळपर्यंत श्रोत्यांचे सव्वीस मेल होते, त्यातल्या एकात फक्त एक उद्गारचिन्ह होतं.

मी चॅट उघडलं. कानाला हेडफोन लावलेला एक हसरा चेहरा कोपऱ्यात उगवला. हा चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा. सर्व्हर शोधताना मी ज्या चार कंपन्या बघितल्या, त्यातल्या तिघींकडे तो नोकरीला होता.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकतो?"

मी लिहिलं, "सर नाही, मॅडम. माझा सर्व्हर बंद आहे."

"मी आपली अडचण समजू शकतो, सर. आपण फार बँडविड्थ वापरली आहे."

"पण अनलिमिटेड आहे ना?"

"होय सर, अनलिमिटेडच आहे."

"मग फार कशी झाली?"

यावर तीन टिंबं नाचायला लागली. ती टिंबं बघत बसण्याइतका अपमान दुसऱ्या कशात नसेल. समोरचा काहीतरी लिहितोय, खोडतोय, पुन्हा लिहितोय असं वाटत राहतं आणि चार मिनिटांनी एक ओळ येते.

"अनलिमिटेड हे सामान्य वापरासाठी आहे, सर."

"सामान्य म्हणजे किती?"

"त्याला मर्यादा नाही, सर."

मी उठून पाणी पिऊन आले.

"आपल्या वेबसाइटवर नेमकं काय चालतं, सर?"

"पाऊस."

टिंबं. "हवामानाची माहिती का?"

"नाही. पावसाचा आवाज. लोक ऐकत झोपतात."

"झोपल्यावर ऐकतात का?"

"झोपेत ऐकतात."

"सर, आमच्या सिस्टीमला असं दिसतंय की शेकडो लोक एकच फाइल आठ आठ तास घेत आहेत आणि कुठेही क्लिक करत नाहीत. हा यांत्रिक वापर धरला जातो."

"ती माणसं आहेत हो. झोपलेली."

"त्यांना अधूनमधून क्लिक करायला सांगता येईल का?"

मी हे वाक्य दोनदा वाचलं. त्यात खोडसाळपणा नव्हता, हेच भयंकर होतं. त्या माणसाला मनापासून मदत करायची होती. मी लिहिलं, जागं करून क्लिक करायला सांगायचं असेल तर मी पाऊस कशाला लावू, गजर लावेन. त्यावर तो म्हणाला, "तोही एक पर्याय आहे, सर."

आणि पुन्हा टिंबं.

टिंबं नाचत होती तेवढ्यात मी हिशेब मांडला. माझा पाऊस सेकंदाला ३२० किलोबिटचा आहे. एक माणूस आठ तास झोपला की साधारण १.१५ गीगाबाइट घेतो. रोजचे सातशे झोपाळू धरले तर अकरा रात्रींत जेमतेम नऊ टेराबाइट होतात. मला विकलेली तार होती सेकंदाला एक गीगाबिटची. ती अकरा दिवस पूर्ण उघडी सोडली तर जवळजवळ ११९ टेराबाइट वाहून जातात. म्हणजे मी आठ टक्केही वापरलं नव्हतं आणि असामान्य ठरले होते.

डेडिकेटेड या शब्दात एक बारीक गोम आहे आणि ती मला सर्व्हर घेऊन झाल्यावर कळली. यंत्र तुमचं एकट्याचं असतं. त्यातली मेमरी तुमची, डिस्क तुमची, पंख्याची घरघरसुद्धा तुमची. पण त्यातून बाहेर जाणारी तार पुढे कुणाकुणाबरोबर वाटली जाते, ते पानावर नसतं. एकाच मोठ्या तारेवर पन्नास जणांना प्रत्येकी गीगाबिट विकायचं आणि सगळे एकदम नळ सोडणार नाहीत अशी आशा धरायची, असा हा धंदा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! लोखंड स्वस्तात देता येतं. तार देता येत नाही, म्हणून तिथे विशेषण देतात.

लोखंडाचंही सांगते. 'नवा कोरा सर्व्हर' मिळाल्यावर मी डिस्कची कुंडली काढली. डिस्क आपण किती तास चालू होतो ते स्वतः मोजून ठेवते, बिचारी स्वतःहून खोटं बोलत नाही. तिनं सांगितलं, ४१,००० तास. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे साडेचार वर्षांहून जास्त काळ ही दुसऱ्या कुणाच्या तरी घरी राबून माझ्याकडे नवी नवरी म्हणून आली होती. अशा दोन आहेत, एकमेकींची नक्कल ठेवतात, एक गेली तर दुसरी चालते. पण दोघींचं वय सारखंच असेल तर त्यांनी जोडीनं जायचं ठरवलं तर काय, हा प्रश्न मी रात्री स्वतःला विचारत नाही. बॅकअप वेगळा ठेवलाय.

दुसरीकडे जावं म्हणून आधीच्या यादीतल्या एका कंपनीचे नियम काढले. तिथे '९५ पर्सेंटाइल' नावाचा प्रकार होता. ते लोक दर पाच मिनिटांनी तुमचा वेग मोजतात. तीस दिवसांत ८,६४० मोजण्या होतात. त्यातल्या सगळ्यात वरच्या पाच टक्के सोडून देतात आणि उरलेल्यात जी सर्वांत मोठी, तिच्यावर बिल. म्हणजे महिन्याला ३६ तास कितीही उधळा, माफ. ज्यांच्याकडे कधीतरी एखाद्या दिवशी झुंबड उडते त्यांच्यासाठी सोन्यासारखी सोय. माझी झुंबड रोज रात्री आठ तास, महिन्याला २४० तास. दिवसभर तार वाळत पडणार आणि बिल मात्र चोवीस तास रात्रच असल्यासारखं येणार. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. सर्व्हरच्या भाड्याहून तारेचं बिल मोठं.

तिसऱ्या कंपनीची, वेग तपासायला ठेवलेली चाचणीची फाइल दुपारी उतरवली तेव्हा धो धो आली होती. त्यावर भाळून सर्व्हर घ्यायचा नाही, एवढं आता शिकलेय. हीच फाइल रात्री दहाला उतरवायची, जेव्हा सगळ्यांचे नळ उघडे असतात. मी उतरवली. इतकी ठिबकत आली की पत्र्यावरच्या पावसाच्या यादीत घालावीशी वाटली.

हे असं कुणाजवळ बोललं की एक ठरलेलं वाक्य येतं, 'एवढ्या पैशात आणखी काय मिळणार?' या वाक्यानं माझं डोकं फिरतं. कमी पैशात कमी मिळावं, माझी काही हरकत नाही. किती कमी, ते लिहा. 'तीस टेराबाइट, पुढे वेग उतरेल' असं लिहिलं असतं तर मी हिशेब घालून आनंदानं घेतलं असतं. तीस लिहिलं की गिऱ्हाईक तीस मागतं आणि अनलिमिटेड लिहिलं की तेच गिऱ्हाईक गुन्हेगार ठरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. फुकटात वाटणाऱ्याशी मी भांडत नाही हो, मी भाडं भरलंय. सहा महिन्यांचं आगाऊ. सवलत होती.

टिंबं थांबली.

"सर, एक सुचवू का?"

"सुचवा."

"पाऊस तर सारखाच असतो ना? पाच मिनिटांचाच ठेवा. एकदा माणसाच्या ब्राउझरमध्ये उतरला की रात्रभर तोच फिरत राहील."

मला राग आला, कारण हिशेब मनातल्या मनात लगेच झाला. पाच मिनिटं म्हणजे १२ मेगाबाइट. ९६ पट कमी. सातशे माणसांना मिळून रात्रीचे साडेआठ गीगाबाइटसुद्धा होत नाहीत. एवढ्यासाठी डेडिकेटेड सर्व्हर लागतच नाही. 'त्यांना क्लिक करायला सांगा' म्हणणाऱ्या माणसानं माझा सगळा संसार एका ओळीत गुंडाळून दाखवला होता.

मी लिहिलं, "पाऊस सारखा नसतो."

आणि नसतोच. फाइल लहान करणारी गणितं पुढे काय येणार याचा अंदाज बांधून चालतात, आणि थेंब कुणाला विचारून पडत नाही. म्हणून तर पाऊस दाबला की त्याची खरखर होते, स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी. शिवाय माझ्या पानांवरच्या पावसात चार तास दहा मिनिटांनी एक बेडूक आहे. एकदाच ओरडतो. रेकॉर्डिंग करताना मी डुलकी घेत होते, त्यानं दचकवून उठवलं होतं, म्हणून ठेवला. त्याला चाहते आहेत. पाच मिनिटांत तो बेडूक घातला तर रात्रीतून ९६ वेळा ओरडणार आणि नाही घातला तर त्या पावसात माझं म्हणून काय उरलं?

हे सगळं मी त्याला लिहिलं. रात्री साडेतीनला, एका फोटोतल्या चेहऱ्याला, बेडकासकट.

"समजू शकतो, सर. मी आपली सेवा १०० मेगाबिट वेगावर सुरू करून देत आहे."

शंभर मेगाबिट म्हणजे हिशेबानं ३१२ माणसं. तीनशे तेरावा आला की तो एकटा अडकत नाही, सगळ्यांचाच पाऊस थोडा थोडा अडखळायला लागतो. मी आभार मानले. संवाद कसा वाटला, पाचपैकी किती तारे द्याल, असा चौकोन आला. चिडून एक देणार होते. तीन दिले. सूचना बरोबर होती, काय करणार.

आता तासाभराचा पाऊस ठेवलाय. १४४ मेगाबाइट एकदा उतरतात आणि मग तोच फिरतो. अडखळायचं थांबलं. सर्व्हर नुसता बसून असतो, भाडं भरलेले साडेपाच महिने अजून पुढे आहेत. बेडूक रात्रीत आठ वेळा ओरडतो, कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं होतं.

काल एका श्रोत्याचा मेल आला. 'सर, झोप उत्तम लागते. पण हल्ली बेडूक फार झालेत का? काल रात्री मी मोजले, आठ भरले.'