‘न चाळलेला’ म्हणजे नक्की काय?

किलोवर जुनी नाणी घेण्याबद्दलच्या लेखात म्हटलंय की ‘न चाळलेला’ लॉट, म्हणजे कुणी आधी निवडून न घेतलेला नाण्यांचा ढीग घ्या, नशीब असेल तर चांदीचं नाणं हाती लागतं. अहो पण विकणाऱ्याने तो आधी चाळलाच नसेल हे धरून चालणंच भाबडेपणाचं आहे, मी तीनदा किलोवर जगभरची मिक्स नाणी घेतलीयत आणि दोनदा नुसता तांबं-निकेलचा ढीग निघाला. तिसऱ्यांदा मात्र १९३६ चा ब्रिटिश शिलिंग सापडला, इतका काळपट की आधीच्यांनी बहुतेक वर्षच वाचलं नसावं. त्यात चांदी ५० टक्केच म्हणा, १९२० च्या आधीच्यात ९२.५ असायची आणि १९४७ पासून तर शून्य, म्हणून पहिल्यांदा वर्ष बघायचं. अमेरिकन क्वार्टर (पाव डॉलरची नाणी) १९६४ पर्यंतचे ९० टक्के चांदीचे, ते वर्ष न बघताही कळतात, नंतरच्यांच्या कडेला तांब्याची लालसर रेघ दिसते. वजनही वेगळं, चांदीचा ६.२५ ग्रॅम आणि नंतरचा ५.६७, तेव्हा छोटा डिजिटल काटा घ्याच. लोहचुंबक लावून चांदी ओळखायचा लेखातला सल्ला अर्धवट आहे, चिकटलं तर चांदी नाही एवढंच कळतं, न चिकटणारी तर पितळेची पण असतात.

आणि लेखात ते नाणी लिंबू-सोड्याने चमकवायचं कुठून आणलं?? घासलेलं नाणं जाणकाराला लगेच ओळखू येतं आणि किंमत धाडकन पडते. साध्या पाण्यात धुवा, टिपून घ्या, बस.

शिलिंग अजून माझ्याकडेच आहे, काळपटच.