पाटी दिसली, चोर दिसला नाही

कर विभागाची माणसं आली तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. तीन जण होते. एकाकडे टेप, एकाकडे मोबाइल आणि तिसऱ्याकडे नुसता रुबाब. त्यांनी गॅलरी मोजली, ओटा मोजला, ग्रिलला अडकवलेल्या ‘घरगुती पोळीभाजीचे डबे मिळतील’ या पाटीचा फोटो काढला. पाटी दीड बाय एक फुटाची. अक्षरं माझ्या लेकीने दहावीच्या सुट्टीत रंगवलेली, त्यातली निम्मी उन्हाने उडालीत. रस्त्यावरून ती माझ्या गिऱ्हाइकांनाही दिसत नाही, फोन करून विचारतात. यांना दिसली.

दहा दिवसांनी नोटीस आली. स्वयंपाकघर आणि गॅलरी बिगरनिवासी धरली आहे. गेल्या वर्षी घरपट्टी ८,६४० रुपये होती, आता १७,९०० होणार.

पोस्ट लांब होणार आहे, गॅसवर काही ठेवलं असेल तर आधी बघून या. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. राज्यात २९ महापालिका आहेत, ज्याने त्याने आपली समजावी.

आता दुसरी गोष्ट. आमच्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या ताई पहाटेच्या पहिल्या बसने उतरतात. स्टॉपपासून सोसायटीपर्यंत सात-आठ मिनिटं चालायचं, मध्ये नाल्यावरचा पूल. पुलावर खांब चार, दिवा एक, तोही त्याच्या लहरीप्रमाणे. नोटीस यायच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारी, मागून मोटरसायकलवर दोन पोरं आली, मागच्याने गळ्याला हात घातला आणि मंगळसूत्र ओढलं. ताई पडल्या. कोपर सोलवटलं, हातातली पिशवी नाल्यात गेली. त्या तशाच उठून आमच्याकडे आल्या, हातपाय धुतले आणि पोळपाट ओढून बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. अर्ध्या तासाने मला मानेवरचा लाल वळ दिसला तेव्हा कळलं. मी गॅस बंद करायला निघाले तर म्हणतात, ‘वहिनी, डबे होऊ द्या आधी. पोरं उपाशी जातील.’

तरी मी ११२ ला फोन केला. फोन लगेच उचलला गेला, गाडीही आली, खोटं कशाला बोलू. दोघं पोलीस होते, बोलायला नीट होते. पण पुलाच्या अलीकडे एका ठाण्याची हद्द आणि पलीकडे दुसऱ्याची. ताई नेमक्या कुठे पडल्या यात वीस मिनिटं गेली. मी विचारलं, बरोबर मधोमध पडल्या असतील तर? कोणी हसलं नाही.

ठाण्यात पहिला प्रश्न, ‘पावती आहे का?’ ताईंचं लग्न होऊन चोवीस वर्षं झाली. मंगळसूत्र वडिलांनी गावच्या सोनाराकडून घडवून आणलेलं, त्या सोनाराचं दुकानही आता राहिलं नाही. दोन वाट्या, चार मणी, बाकी काळी पोत. सगळं मिळून तीन ग्रॅम असेल-नसेल. पण सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय, म्हणजे ताईंना माझ्याकडून तीन महिन्यांत मिळतात तेवढे पैसे एका हिसक्यात गेले.

मग अगदी आपुलकीच्या आवाजात सुचवणी आली. ‘मॅडम, गहाळ म्हणून देऊ का? दाखला आत्ता मिळेल. चोरी म्हटलं की जबाब, पंचनामा, फेऱ्या. मावशींना जमेल का रोज यायला?’

गहाळ. हा शब्द मी त्या दिवसापासून गिळू शकलेले नाही. गळ्यातलं मंगळसूत्र गहाळ कसं होतं? मान घरी विसरून गेल्या होत्या का त्या? ज्यांचा मोबाइल कधी चोरीला गेलाय त्यांना हा शब्द ओळखीचा असेल. वस्तू गहाळ झाली म्हणजे गुन्हा झालाच नाही. गुन्हा झाला नाही म्हणजे तपास नाही, आणि महिन्याच्या तक्त्यात त्या ठाण्याचा आकडाही वाढत नाही. चोराला पकडायची एक पद्धत असते आणि चोरी कागदावरून नाहीशी करायची दुसरी. दुसरी स्वस्त पडते.

बाकावर बसून मी मोबाइलवर शोधलं. १ जुलै २०२४ पासून जे नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हाच केलाय, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते आणि एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. मी हे वाचून दाखवलं. अंमलदार साहेबांनी मान डोलावली. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार, प्रश्न पाठांतराचा नव्हताच. पोलीस उपायुक्तांच्या नावे स्पीड पोस्टने अर्ज गेला आणि चौथ्या फेरीला गुन्हा दाखल झाला. ताईंचे चार खाडे. त्यांचे पैसे मी कापले नाहीत, पण त्यांच्या दुसऱ्या दोन घरांनी कापले.

त्या चार फेऱ्यांत एक हवालदार भेटले. डोळे लाल, सलग तिसऱ्या दिवशी बंदोबस्तावर. म्हणाले, ‘ताई, आम्हाला माणूस द्या, मग पुलावर उभा करतो.’ त्यांच्यावर मी रागावू शकले नाही. मध्ये एकदा कुणा मंत्र्यांचा दौरा होता तेव्हा याच पुलावर सहा पोलीस उभे होते आणि चारही दिवे लागले होते. ताई त्या दिवशी पुलावरून येताना थांबून बघत होत्या म्हणे. दौरा गेला, पोलीस गेले, दिवे गेले. म्हणजे माणसं आहेत आणि बल्बही आहेत, आमच्यासाठी नाहीत इतकंच.

सोसायटीच्या ग्रुपवर मी हे टाकलं तर ठरलेली प्रतिक्रिया आली, ‘मग आपण टॅक्स कशाला भरतो?’ हे वाक्य मीही वीस वर्षं बोलत आलेय. पण खरं सांगायचं तर घरपट्टीतून पोलिसांचा पगार होत नाही. पोलीस हा राज्याचा विषय, पगार गृह विभागाचा, बदल्या वरून. आपला महापौर एका शिपायालाही ‘पुलावर उभा राहा’ असं सांगू शकत नाही. पुलावरचा दिवा पालिकेचा आणि पुलावरचा चोर सरकारचा, अशी वाटणी आहे. दिवा नाही म्हणून चोर येतो हे ताईंना कळतं, पण ही दोन खाती एका टेबलावर बसून ते बोलल्याचं मी तरी पाहिलं नाही. दिव्याची तक्रार मी ॲपवर तीनदा केली. तिन्ही वेळा ‘तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज आला, आणि वर मला सेवेला किती तारे देणार म्हणून विचारलं.

गंमत म्हणजे पैसे गोळा करताना हीच दोन सरकारं गळ्यात गळे घालतात. घरपट्टीचं बिल उलगडून वाचा एकदा. सर्वसाधारण कर, अग्निशमन, वृक्ष, मलप्रवाह आणि त्यांच्याच रांगेत राज्य सरकारचा शिक्षण कर. तो १९६२ च्या कायद्याचा, पालिका तो राज्यासाठी वसूल करून देते. राज्याचे पैसे माझ्या दारातून न्यायला पालिकेचा माणूस चालत येतो. पण पूल अंधारात आहे एवढा निरोप पोलिसांकडून पालिकेकडे चालत जात नाही.

पालिकेची बाजूही मला थोडी कळते. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी संपला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आता त्यांच्या स्वतःच्या हातात मोठं असं राहिलंय ते मालमत्ता कर आणि बांधकामाच्या परवानग्यांचे पैसे. म्हणून टेप घेऊन फिरतात. फिरावं. पण टेप माझ्या दीड फुटी पाटीपर्यंत येते आणि चौकातल्या तीन मजली हॉटेलच्या गच्चीवर जो पत्र्याचा हॉल उठलाय तिथे चढत नाही. गुडघे दुखत असतील.

आणि जो भरत नाही त्याचं काय होतं? उशीर झाला तर महिन्याला २ टक्के शास्ती, वर्षाला २४. पुण्यात तर थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवून झालाय. मग दोन-तीन वर्षांनी अभय योजना येते, शास्तीतला मोठा भाग माफ, आणि मोठमोठे थकबाकीदार हसत हसत उरलेले भरून जातात. मी आजवर एप्रिल-मेमध्ये भरत आले, सूट मिळते म्हणून. कधी कानातले गहाण ठेवून, एकदा भिशी लवकर उचलून. अभय मला कधी मिळालं नाही, कारण मला भय होतं ना.

सवलतींचंही असंच. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. माझं घर ४८० फुटांचं. मुंबईत असते तर शून्य बिल आलं असतं. पण मुंबईत असते तर घर नसतं. पुणेकरांना स्वतः राहत असलेल्या घरावर १९७० पासून ४० टक्के सवलत होती, ती मध्येच काढली, मग आरडाओरडा झाल्यावर २०२३ मध्ये परत दिली. म्हणजे ओरडलं की मिळतं. आमच्याकडे ओरडायचं कोणाजवळ हाच प्रश्न होता. राज्यातल्या कितीतरी महापालिकांसारखीच आमच्याकडेही वर्षानुवर्षं निवडणूक नव्हती, नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. पुण्यात तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, त्यानंतर २०२३, २०२४, २०२५ तिन्ही वर्षं तशीच गेली. वसुली मात्र एकही दिवस नगरसेवकांविना अडली नाही. पूर्वीचे आमचे नगरसेवक काही संत नव्हते, पण बल्बसाठी त्यांच्या दारात जाऊन बसता तरी यायचं. त्यांच्या आईला माझ्या हातची पुरणपोळी आवडायची, काम व्हायचं. (हो, ही लाच आहे. कळतंय मला.)

धंद्याचं सांगते. मागच्या दिवाळीला ६४ डबे होते, आज ३८ आहेत. कंपन्यांनी कंत्राटी पोरं कमी केली, काही गावाला निघून गेली, काही दोघांत एक डबा खातात. मी पोळ्या चारऐवजी पाच देते आणि काही बोलत नाही. ह्यांचा ओव्हरटाइम बंद होऊन आठ महिने झाले. तेलाच्या डब्याचा भाव लिहीत बसत नाही, तुम्हीही स्वयंपाक करता.

यात सोसायटीची तिसरी पट्टी आहे, तिची नोटीस येत नाही म्हणून आपण मोजत नाही. ४८ फ्लॅट, दोन वॉचमन, दर फ्लॅटमागे महिना ६५० रुपये फक्त राखणीचे. वर्षाचे ७,८००. म्हणजे जुन्या घरपट्टीच्या जवळपास तेवढेच पैसे आम्ही जे काम पोलिसांनी करायचं त्याच्यासाठी भरतो. आणि पोलीस आले ते फुटेज मागायला आमच्याच सोसायटीच्या कॅमेऱ्याचं. पुलाजवळच्या खांबावर सरकारी कॅमेरा आहे. तो चालू का नाही, हे त्या खात्याने या खात्याला विचारायचं आहे. आमच्या कॅमेऱ्यात मोटरसायकल दिसते, नंबर दिसत नाही. अंधार होता ना.

मला माफी नकोय. ज्या दिवशी दिवे लागतील त्या दिवशी १७,९०० पण भरेन, शिव्या देत भरेन. माझा राग आकड्यावर नाही. माझ्या घरात कणीक कुठे मळली जाते हे ज्या सरकारला इंचात माहीत आहे, त्याला माझ्या दारापासून पाचशे पावलांवर एका बाईचा गळा ओढला गेला हे चार फेऱ्यांनी कळावं, यावर आहे. आणि कळल्यावर ते ‘गहाळ’ म्हणून लिहावंसं वाटावं, यावर आहे.

नोटिशीवर हरकत घेतलीय. तज्ज्ञ मंडळींनी सांगितलं की सुनावणीतच काय ते मांडा, कारण पुढे कोर्टात अपील करायचं तर आधी कराची रक्कम भरावी लागते, मग दाद मागता येते. हरकतीसोबत मी एक प्रमाणपत्र जोडलंय. दोन वर्षांपूर्वी याच पालिकेच्या महिला व बालकल्याण विभागाने ‘घरबसल्या उद्योग’ असं प्रशिक्षण दिलं होतं, शेवटच्या दिवशी हार, नारळ, फोटो. प्रमाणपत्रावर लिहिलंय, ‘स्वतःच्या घरातून व्यवसाय सुरू केल्याबद्दल अभिनंदन.’ खाली सही-शिक्का आहे. कर विभाग दुसऱ्या मजल्यावर, हा विभाग तिसऱ्या. जिना आहे मध्ये.

सुनावणी गुरुवारी ११ वाजता. आमच्या गल्लीतल्या अजून सहा बायकांना अशीच नोटीस आलीय: एक ब्लाउज शिवते, एक शिकवण्या घेते, बाकीच्या पापड-लोणच्याच्या. ज्यांना आली असेल आणि भीतीने सांगितलं नसेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, एकत्र जाऊ. त्या दिवशी दुपारचे डबे बंद, सकाळचे साडेआठलाच तयार असतील.

आणि पहाटे पाचला ज्याला कुणाला झोप येत नसेल त्याने टॉर्च घेऊन पुलापर्यंत या. सध्या मी आणि दुसऱ्या विंगमधले काका आळीपाळीने ताईंना आणायला जातो. काकांचा गुडघा सोमवारपासून सुजलाय.